पदवीनंतर विमान कंपनीत वैमानिक व्हायचं असेल तर आधी क्रम ठरवा, मग पैसे भरा

भारतात विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर बसेपर्यंत साधारण ५० ते ८० लाख रुपये आणि दोन-तीन वर्षं जातात. टाइप रेटिंगचा, म्हणजे एका विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यावर वेगळा. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम गावाकडची जमीन, घरावरचं कर्ज आणि वडिलांचा पीएफ मिळून उभी राहते, आणि ती दुसऱ्यांदा उभी राहत नाही. म्हणून कोणती पायरी कधी चढायची, हाच या वाटेवरचा सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. जिथे खर्च कमी आणि नकाराची शक्यता खरी, ती पायरी आधी. जिथे लाखांनी पैसे जातात, ती शेवटी. मी ग्राउंड क्लासमध्ये, म्हणजे लेखी पेपरांच्या वर्गात, नेव्हिगेशन शिकवतो, आणि बहुतेक मुलं-मुली नेमक्या उलट्या क्रमाने येतात. फ्लाइंग स्कूलची फी भरलेली असते आणि वैद्यकीय तपासणी व्हायची असते.

पात्रतेपासून सुरुवात करू. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, डीजीसीए हे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक खातं देतं. त्यासाठी पदवी लागत नाही. १८ वर्षं पूर्ण आणि बारावीला फिजिक्स व मॅथ्स, एवढंच लागतं. तरीही पदवी घेतली असेल तर ती वाया गेली असं समजू नका. या व्यवसायात मंदी येते तेव्हा हातात दुसरं काही असणं फार मोलाचं ठरतं. कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांनी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बारावीचे हे दोन विषय देण्याची वाट धरावी. ही अट शिथिल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली, पण चर्चेच्या भरवशावर वर्ष घालवू नका. दोन विषय सहा-आठ महिन्यांत होतात. वयाची घाई नसते. कमर्शियल विमान ६५ वर्षांपर्यंत उडवता येतं, त्यामुळे २२-२३ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला उशीर झालेला नसतो.

पहिली पायरी : मेडिकल

डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू, म्हणजे प्राथमिक वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे असं सगळं पाहतात. खर्च काही हजारांचा असतो. त्यानंतर सीपीएलला लागणारी क्लास वन. ती डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रांवर होते. हवाई दलाची बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आणि दिल्लीचं एएफसीएमई ही त्यातली जुनी, नावाजलेली केंद्रं. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून क्लास टू हातात आल्याबरोबर क्लास वनच्या मागे लागा.

चष्मा असला तर अडत नाही. चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर चालतं. खरी अडचण रंगांच्या ओळखीची असते. ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे वाचायची इशिहारा चाचणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे आधीच करून घ्या. लाल-हिरव्याचा घोळ कित्येकांना विशीपर्यंत माहीतही नसतो. चष्मा काढून टाकायला लेसर शस्त्रक्रिया करायची असेल तर एव्हिएशन मेडिसिनच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, कारण शस्त्रक्रियेनंतर किती काळ थांबायचं आणि आधीचा नंबर किती असावा याचे नियम आहेत. वजन जास्त, रक्तदाब किंचित वर, हिमोग्लोबिन कमी, अशा गोष्टींवर ‘टेम्पररी अनफिट’ शेरा मिळतो आणि सुधारणा करून परत जाता येतं. जुना आजार, ऑपरेशन, फिट आल्याची घटना मात्र लपवू नका. नोकरीत दर वर्षी तपासणी असते. आज झाकलेलं दहा वर्षांनी बाहेर आलं तर लायसन्स जातं.

क्लास वन मिळालंच नाही, तर तुमचं नुकसान काही हजारांचं झालेलं असेल. बी.एस्सी.ला फिजिक्स-मॅथ्स असेल किंवा इंजिनीअरिंग केलं असेल तर एअरपोर्ट्स अथॉरिटीची एअर ट्रॅफिक कंट्रोलरची भरती खुली आहे. तिच्यासाठी वेगळं, क्लास थ्री मेडिकल लागतं. त्याच क्षेत्रातली, मानाची आणि जबाबदारीची नोकरी आहे ती.

दुसरी पायरी : नाव आणि कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण महाराष्ट्रातल्या मुलांचे महिनेच्या महिने इथे जातात. डीजीसीएच्या परीक्षेला बसण्याआधी कम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवार क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी लागते. आता आपल्या मंडळाची गुणपत्रिका बघा. आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. समजा ‘कुलकर्णी सानिका मिलिंद’. पासपोर्टवर तीच मुलगी ‘सानिका मिलिंद’ हे नाव आणि ‘कुलकर्णी’ हे आडनाव. आधारवर नुसतं ‘सानिका कुलकर्णी’. पदवीच्या प्रमाणपत्रावर आईचंही नाव जोडलेलं, आणि मिलिंदच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘एच’ जास्त. घरात कुणाला यात वावगं वाटत नाही, पण ऑनलाइन अर्जात हे चार वेगळे माणूस दिसतात.

उपाय एकच. दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि आधार, पॅन, पासपोर्ट त्याबरहुकूम करून घ्या. स्पेलिंगची चूक दहावीच्याच कागदावर असेल तर विभागीय मंडळात दुरुस्तीचा अर्ज करा. हे काम शेवटच्या वर्षाला असतानाच उरकलं तर निकालानंतरचा उन्हाळा वाचतो. परीक्षेचं, मेडिकलचं आणि लायसन्सचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं असलं पाहिजे.

तिसरी पायरी : पेपर

सीपीएलसाठी एअर नेव्हिगेशन, मिटिओरॉलॉजी (हवामानशास्त्र), एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक, असे पेपर असतात. पासिंग ७० टक्क्यांना. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शिवाय रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची आरटीआर परीक्षा. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे आणली. तिच्यात तोंडी भागही असतो, आणि मराठी माध्यमातली मुलं त्याला उगाच घाबरतात. रेडिओची भाषा ठरावीक वाक्यांची आहे. ती रोज मोठ्याने म्हटली की बसते.

माझं ठाम मत आहे की निदान नेव्हिगेशन, मिटिओरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर उड्डाण सुरू होण्याआधी सुटलेले असावेत. विमानात बसल्यावर अभ्यास होत नाही. सकाळी पाचला मैदानावर हजर राहायचं, नंबर येईपर्यंत ताटकळायचं, संध्याकाळी डोकं चालत नाही. शिवाय पेपर सुटले की आपल्याला हे जमतं का, याचंही उत्तर स्वस्तात मिळतं. मिटिओरॉलॉजी आपल्याकडच्या मुलांना लवकर कळावी, कारण वळवाचा पाऊस सगळ्यांनी अंगावर घेतलेला असतो. दुपारी साडेतीनला पश्चिमेला चढत जाणारा ढग, आधी थंड वाऱ्याचा झोत, मग गारा, यामागचं शास्त्र तेवढं पुस्तकातून घ्यायचं.

नेव्हिगेशनमध्ये बहुतेक जण अडकतात, आणि अडकण्याचं कारण पाठांतर. एक साधा नियम घ्या : ६० सागरी मैल गेल्यावर १ मैल बाजूला गेलात, तर चूक १ अंशाची. समजा तुम्ही बारामतीहून निघालात, ३० मैल झाले आणि खालचा रेल्वेमार्ग सांगतो की तुम्ही ठरलेल्या रेषेच्या २ मैल उजवीकडे आहात. ३० मैलांना २ म्हणजे ६० ला ४, म्हणून चूक ४ अंशांची. विमान ४ अंश डावीकडे वळवलं की काम झालं, असं मुलं सांगतात. नाही झालं. ४ अंशांनी तुम्ही मूळ रेषेला समांतर व्हाल आणि मुक्कामाच्या २ मैल उजवीकडून निघून जाल. मुक्काम अजून ४० मैलांवर असेल, तर ४० ला २ म्हणजे ६० ला ३. हे आणखी ३ अंश मिळवून एकूण ७ अंश डावीकडे वळायचं. कागदावर एकदा त्रिकोण काढून पाहिलात तर हे जन्मभर विसरणार नाही, आणि पहिल्या एकट्याच्या क्रॉसकंट्रीला, म्हणजे एका विमानतळाहून दूरवर जाण्याच्या उड्डाणाला, हेच उपयोगी पडेल.

चौथी पायरी : फ्लाइंग स्कूल

सीपीएलला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास तुम्ही पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, केलेले असावेत. त्यात किमान २० तास क्रॉसकंट्री आणि ३०० सागरी मैलांची एक मोठी फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास आणि १० टेकऑफ-लँडिंग. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे बाहेर न दिसता केवळ उपकरणांवर उडवण्याच्या पात्रतेसाठी, ४० तास, त्यातले काही सिम्युलेटरवर. विमान कंपन्यांना दोन इंजिनांच्या विमानावरचं रेटिंगही लागतं, म्हणून २०० पैकी शेवटचे काही तास त्यावर होतात.

संस्था निवडताना जाहिरातीतल्या विमानांचे फोटो सोडा आणि एक हिशेब करा. समजा शाळेकडे १० विमानं आहेत. सगळी कधीच चालू नसतात. कुणाची शंभर तासांची तपासणी, कुणाचा सुटा भाग परदेशातून यायचा. ६ चालू धरा. प्रत्येक विमान दिवसाला ५ तास उडालं तर ३० तास. महिन्यात हवा चांगली असलेले २५ दिवस धरले तर ७५० तास. विद्यार्थी १०० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला साडेसात तास. २०० तासांना जवळजवळ २७ महिने लागतात, आणि यात पावसाळा धरलेलाच नाही. तीच शाळा ४० विद्यार्थी घेत असती तर ११ महिने लागले असते. ‘बारा महिन्यांत सीपीएल’ असं छापलेलं पत्रक हातात आलं की विमानं, इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी हे तीन आकडे विचारा आणि हा भागाकार त्यांच्यासमोरच करा.

मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. तिथे विद्यार्थी असतातच. ‘शाळा कशी आहे’ असं विचारलंत तर ‘ठीक आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. गेल्या महिन्यात लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, किती तास पडले, ते विचारा. चार जणांना विचारलं की चित्र स्पष्ट होतं. धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का, दोन इंजिनांचं विमान शाळेचं स्वतःचं आहे की त्या तासांसाठी दुसऱ्या शहरात पाठवतात, चेक राइडसाठी, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षेसाठी, परीक्षक किती दिवसांनी येतात, हेही तिथेच कळेल. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी वर्षातून दोनदा जाहीर करायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत एकही संस्था वरच्या श्रेणीत बसली नाही. तेव्हा ही यादी जरूर पाहा, पण टपरीवरची चौकशी टाळू नका.

महाराष्ट्रात पर्याय बरे आहेत. गोंदियाला बिरसी विमानतळावर एअरपोर्ट्स अथॉरिटी आणि सीएई ही कॅनडाची प्रशिक्षण कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली संस्था, बारामती, शिरपूर, जळगाव, नागपूर फ्लाइंग क्लब, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचं धुळ्यातलं प्रशिक्षण. हा क्लब १९२८ चा. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, ते याच क्लबमध्ये शिकून. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था उभारायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. प्रवेशाची माहिती थेट कंपनीच्या संकेतस्थळावरच पाहा, एजंटाकडून घेऊ नका. राज्याबाहेर इग्रुआ ही सरकारी वैमानिक प्रशिक्षण संस्था रायबरेलीजवळ फुरसतगंजला आहे. तिथे प्रवेश परीक्षेने होतो आणि स्पर्धा मोठी असते, पण पदवीधराने तो अर्ज भरलाच पाहिजे.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर उड्डाण जवळजवळ बंद पडतं. ढग खाली, दृश्यमानता ५ किलोमीटरच्या आत, धावपट्टीवर पाणी. म्हणून जूनमध्ये फी भरून दाखल होणं म्हणजे चार महिने वसतिगृहाचं भाडं भरणं. मे महिन्यात पदवीची परीक्षा, जूनपासून मेडिकल आणि ग्राउंड क्लास, पावसाळाभर पेपर, आणि ऑक्टोबरमध्ये विमानात, असं वर्ष आखलं तर कोरड्या हवेचे आठ महिने सलग मिळतात.

परदेशाचा पर्यायही आहे. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे विमानं जास्त असल्यामुळे तास लवकर होतात. पण परत आल्यावर भारतीय पेपर, मेडिकल, इथली फ्लाइंग टेस्ट आणि तिकडच्या प्राधिकरणाकडून कागदांची पडताळणी, हे सगळं करून मगच भारतीय सीपीएल मिळतं. भारतीय पेपर आधी देऊन गेलेल्यांचं हे काम लवकर आटोपतं. काही न देता गेलेले परत येऊन वर्षभर अडकतात.

पाचवी पायरी : पैसे

शाळेला सगळी फी एकदम कधीही देऊ नका, कितीही सवलत सांगितली तरी. हप्ते उड्डाणाच्या तासांशी बांधून घ्या : इतके तास झाले की पुढचा हप्ता. मध्येच सोडावं लागलं तर न उडवलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारात लिहून घ्या. इंधनदरवाढीचं कलमही वाचा. डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांवर जीएसटी लागत नाही, असं जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बिलात तो दिसला तर विचारा.

कर्जाचा हिशेब असा. ६० लाख रुपये, ११ टक्के, १० वर्षं. हप्ता महिन्याला सुमारे ८२,६५० रुपये. पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याजच महिन्याला ५५,००० होतं. शिकताना आणि नोकरी शोधतानाही ते चढत असतं. म्हणून बँकेकडून रक्कम टप्प्याटप्प्याने घ्या आणि शिकत असताना निदान व्याज भरत राहा. जुन्या कर-पद्धतीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षण दिलं आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

कॅडेट प्रोग्रॅममध्ये विमान कंपनी आधी निवड करते, मग प्रशिक्षण आणि टाइप रेटिंग एकत्र होतं. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो, पण दिशा ठरलेली असते. करारातलं नोकरीचं पत्र सशर्त असतं, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. प्रत्येक टप्प्यावरची परीक्षा पास व्हावीच लागते, आणि कंपनीची परिस्थिती बदलली तर रुजू होणं लांबू शकतं.

सीपीएल हातात आल्यानंतर

याबद्दल जाहिराती काहीच बोलत नाहीत, म्हणून मी जरा थांबून सांगतो. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्यामुळे दूरचं चित्र चांगलं आहे. पण विमानं वर्षानुवर्षं विभागून येतात आणि भरती लाटेसारखी होते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि २०० तासांचे नवखे रांगेत मागे गेले. त्यामुळे सीपीएल आणि नोकरी यांच्यामध्ये एक-दीड वर्ष रिकामं जाईल असं धरूनच पैशांची आखणी करा. त्या काळातला घरखर्च, कर्जाचं व्याज, मेडिकलचं नूतनीकरण आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायला लागणारे उड्डाणाचे तास, हे सगळं पहिल्या दिवसापासूनच्या बजेटमध्ये असलं पाहिजे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपलेल्या उमेदवाराला भरतीची जाहिरात आली तरी अर्ज करता येत नाही.

या काळात असिस्टंट फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होणं हा मला सर्वात चांगला मार्ग वाटतो. तास वाढतात, थोडे पैसे मिळतात, आणि दुसऱ्याला लँडिंग शिकवताना आपलं लँडिंग पक्कं होतं. पदवीधरांना दुसरी नोकरीही करता येते. एअरलाइनच्या ऑपरेशन्स विभागात काम केलं तर फ्लाइट प्लॅन, हवामान आणि ड्यूटीचे नियम रोज डोळ्यांखालून जातात.

टाइप रेटिंग म्हणजे एअरबस ए-३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर अशा एका विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण. त्याला अंदाजे १५ ते २० लाख लागतात. निवड होण्याआधी स्वतःच्या पैशाने ते करू नये, असा माझा सल्ला आहे. तुम्ही ७३७ करून बसलात आणि भरती ए-३२० ची निघाली तर पैसे अडकले. कंपन्या कधी टाइप रेटिंग असलेले मागतात, कधी नसलेलेही चालतात. सहा महिन्यांच्या जाहिराती बघून, सध्या कोण कशावर घेतंय हे कळल्यावरच ठरवा.

निवडीत लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, गटचर्चा, सिम्युलेटर आणि मुलाखत असं साधारण असतं. लेखी परीक्षेत तेच नेव्हिगेशन, मिटिओरॉलॉजी, रेग्युलेशन्स परत येतं, म्हणून सीपीएल झाल्यावर पुस्तकं रद्दीत देऊ नका. सायकोमेट्रिकमध्ये एका हाताने काठी सांभाळत कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवणं, घाईत गणितं करणं असली कामं देतात. तिचा सराव संगणकावर करता येतो. मुलाखतीत मात्र तुमचं लॉगबुक समोर असतं. अमुक तारखेच्या क्रॉसकंट्रीत वारा किती होता, पर्यायी विमानतळ कोणता धरला होता, तो का, हे विचारतात. म्हणून पहिल्या उड्डाणापासून लॉगबुकच्या जोडीला एक साधी वही ठेवा. त्या दिवसाची हवा, इन्स्ट्रक्टरने काय सांगितलं, काय चुकलं, हे उतरल्याबरोबर पाच ओळींत लिहा.

निवड झाली की टाइप रेटिंग, मग प्रवासी असलेल्या विमानात ट्रेनिंग कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग, आणि त्यानंतर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून नेमणूक. कॅप्टनसाठी एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स लागतं, त्याला १५०० तास आणि वेगळे पेपर. हे पेपर फर्स्ट ऑफिसर झाल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच देऊन टाका. अभ्यासाची सवय तेव्हा मोडलेली नसते, आणि पुढे रोस्टर सुट्टी देईलच असं नाही.